उजवा हात माझा, डावा खारेगावचा

शिकवण्याच्या कामात माझ्या मामेसासऱ्यांनी जेवढा गोंधळ घालून ठेवला, तेवढा अख्ख्या ठाणे जिल्ह्यात आजवर दुसऱ्या कोणी घातलेला नाही, आणि पुढे कोणाला जमेल असेही वाटत नाही. मी त्यांच्याकडे सात वर्षे सतार शिकलो. तेवढ्या काळात आमच्या कोर्टातले दोन उमेदवार वकील झाले, एकाला टक्कल पडले, आणि माझी थोरली मुलगी बाराखडी संपवून मला शुद्धलेखन शिकवू लागली. मी मात्र 'तुम्हाला सतार येते का हो?' असे कोणी विचारले की अजून चाचरतो. पहिली सहा वर्षे मी 'अर्धी येते' असे सांगत असे. हल्ली 'येते, पण एकट्याला येत नाही' असे सांगतो. ऐकणाऱ्याला वाटते, काय हा विनय! त्यात विनय काडीचाही नाही. मी आपली आहे ती हकीकत सांगतो, आणि सांगता सांगता माझाच गोंधळ उडतो.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. ठाण्याच्या खाडीकाठी जी मिठागरे आहेत, तिथे त्यांनी मीठ खात्याचे कारकून म्हणून तीस वर्षे काढली आणि पेन्शन घेऊन तळ्याजवळच्या आपल्या लहानशा कौलारू घरात ते सतार घेऊन बसले. अंगाने काटकुळे, कान मात्र मोठे, आणि त्या कानांना क्षणाची उसंत नाही. बाजारात गेले की प्रत्येक भोपळा उचलून कानाशी धरायचा, टिचकी मारायची आणि मान हलवून खाली ठेवायचा. भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, "मामा, भोपला खावाला हवाय का ऐकाला?" त्यावर मामा गंभीरपणे म्हणाले, "ऐकून झाला. आता खायला दुसरा दे." घरी मामी म्हणायच्या की गेल्या वीस वर्षांत या घरात चवीचा भोपळा आलेला नाही, सगळे आवाजाचेच आले.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत. नवा जावई म्हणून पाया पडायला गेलो, तर त्यांनी आशीर्वाद द्यायच्या आधी माझा उजवा हात धरला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, अंगठा मागे वाकवून पाहिला. "हा हात काय करतो?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "कोर्टात कागदांच्या नकला करतो." "रोज तेच?" "रोज तेच." "कंटाळत नाही?" मी म्हणालो, "हात नाही कंटाळत, मी कंटाळतो." मामा एकदम खूश झाले. "वा जावईबापू! असाच हात मी शोधतोय. उद्यापासून पाठवून द्या." "हात?" "हाताबरोबर तुम्हालाही यावं लागेल, त्याला इलाज नाही." मी भीत भीत डावा हात पुढे केला. त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. "डाव्याचा माणूस माझ्याकडे आहे," असे म्हणून ते फराळाला बसले. याचा अर्थ काय, हे मी घरी येऊन बायकोला विचारले. ती म्हणाली, "मामांच्या बोलण्याचा अर्थ आमच्याकडे कोणी विचारत नाही."

हे सगळे कशासाठी चालले होते ते आधीच सांगून टाकतो, कारण मला ते कळायला दीड वर्ष लागले. मामा तरुण होते तेव्हा कल्याणला एक म्हातारे खाँसाहेब येऊन राहिले होते. सत्तावनच्या बंडाच्या धामधुमीत उत्तरेतले घरदार सोडून निघाले ते फिरत फिरत इकडे पोहोचले. मामा आठवड्यातून एकदा आगगाडीने कल्याणला जात आणि त्यांच्यापुढे बसत. मरण्यापूर्वी खाँसाहेबांनी त्यांना खमाज रागातली एक गत दिली. गत म्हणजे सतारीवर वाजवायची बांधून दिलेली चीज. ही अगदी लहान, चुलीवर भाकरी टाकून ती फुगेपर्यंत वाजवून होणारी. पण तिच्या मधोमध एक थांबा होता. सूर चढत चढत जायचे, आणि आता पुढचा येणार असे वाटत असताना चार मात्रा काहीच वाजवायचे नाही. मग पुन्हा तोच सूर यायचा, आणि तो ऐकताना काळजात काहीतरी हलायचे. खाँसाहेब म्हणत, गत त्या थांब्यासाठी आहे, बाकीचे सूर तिथवर जायला. ती गत त्यांच्यामागे फक्त मामांना येत होती. आणि मामांच्या डाव्या हाताची बोटे वाताने आखडत चालली होती. वैद्यांनी स्पष्ट सांगितले होते की फार तर सहा-सात पावसाळे, मग ही बोटे उघडायची नाहीत. तेवढ्या अवधीत ती गत कुणाच्या तरी हातात घालायची, एवढीच मामांना आयुष्यात काळजी उरली होती.

त्यांनी ती एकदा घातलीही होती. माझ्या आधी त्यांचा एक शिष्य होता, फार गुणी. त्याला त्यांनी पाच वर्षे खपून सगळी गत शिकवली, आणि शिकून झाल्यावर तो एका नाटक मंडळीत निघून गेला. दोन वर्षांनी ती मंडळी कल्याणला आली तेव्हा मामा मोठ्या हौसेने नवे उपरणे घेऊन खेळाला गेले. राजाच्या प्रवेशाला शिष्याने तीच गत वाजवली, पण दुप्पट लयीत, आणि थांब्याच्या जागी लोकांना आवडेल अशी एक झणझणीत तान भरून. मामा भर मंडपात उभे राहून ओरडले, "अरे थांब! तिथे थांबायचं!" राजाला वाटले, आपल्यालाच कोणी सांगते आहे. तो बिचारा एक पाय पुढे टाकून तसाच थांबला, आणि प्रेक्षक हसून हसून लोळले. मामा ते उपरणे तिथेच विसरून आले. त्यानंतर त्यांनी ठरवले की पुन्हा कधीही एका माणसाला सगळी गत द्यायची नाही. "सगळं एकाजवळ दिलं की तो घेऊन जातो," ते म्हणायचे. "दोघांत वाटलं की निदान एकाला दुसऱ्याच्या घरी यावं लागतं." म्हणून उजवा हात माझा आणि डावा दुसऱ्याचा.

आता त्यांची शिकवण्याची तऱ्हा. सतारीची तार छेडायला उजव्या हाताच्या पहिल्या बोटात तारेची नखी घालतात. मामांनी ती माझ्या बोटात घातली आणि एक महिना सतारीला शिवू दिले नाही. नखी मात्र काढायची नाही. जेवताना नाही, झोपताना नाही, कोर्टात तर मुळीच नाही. "बोटाला ती आपली वाटली पाहिजे. सतार काय, कधीही भेटेल," असे त्यांचे म्हणणे. मी नखी घालून नकला करू लागलो. टाक धरवेना, शाई सांडू लागली, आणि एका वाटपाच्या दाव्याच्या नकलेवर असे काही ओरखडे उठले की शिरस्तेदारांनी मला बोलावून विचारले, "हे बोटाला काय बांधलंय?" मी घाबरून म्हणालो, "औषध आहे." "कशावर?" आता कशावर म्हणून सांगू! मी म्हणालो, "उजव्या हातावर." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि जायला सांगितले.

महिन्याने सतार समोर आली, पण ती वाजवायची म्हणजे इतकी सावकाश की पहिल्या आघातानंतर दुसरा येईपर्यंत मामा उठून परसात जायचे, गाईला पेंढा टाकायचे, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायचे आणि परत येऊन विचारायचे, "झाला का दुसरा?" एकदा मी 'दा' हा पहिला बोल वाजवला आणि ते बाजारात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात टिचकी मारून आणलेला भोपळा होता आणि मी 'रा' वाजवावा की न वाजवावा या विचारात तसाच बसलो होतो. मामांनी माझ्याकडे पाहून समाधानाने मान हलवली. मिठागराचे उदाहरण त्यांच्या तोंडी कायम असे. वाफ्यात पाणी घेतले की उन्हाला काम करू द्यायचे, सारखे ढवळत बसले तर मीठ धरत नाही. मी त्यांना एकदा म्हणालो, "मामा, पण मीठ धरलंय की नाही हे वाफ्याला कसं कळायचं?" ते म्हणाले, "वाफ्याला कशाला कळायला हवं?"

सर्वांत कठीण वार बुधवार. बुधवारी फक्त चुका वाजवायच्या. आठ चुका, आठही वेगळ्या, आणि प्रत्येक मुद्दाम. मामांचे म्हणणे असे की चूक कुठे राहते ते ठाऊक असेल तरच तिचे घर टाळून जाता येते. पहिल्या बुधवारी मला वाटले, यात काय अवघड आहे, हे तर मी रोजच करतो. पण पाच चुकांनंतर माझ्याजवळच्या चुका संपल्या. सहावी सुचेना. मी घाम पुसत काहीतरी वाजवले, ते नेमके बरोबर आले, आणि मामा कडाडले, "हे काय वाजवलंत? आज वार कोणता?" मी शरमेने खाली मान घातली. घरी जाताना वाटेत मला कळेना की आज मी नापास झालो ते चुकलो म्हणून की चुकलो नाही म्हणून. गुरुवारी हात नकळत घसरला तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "ही कालची तिसरी. ओळखलीत?" आणि खरोखरच मी ती ओळखली. हे मात्र मला कबूल केले पाहिजे.

शिकवणी संपली की जाण्याआधी एक शेवटचे दिव्य असे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मामी सूप घेऊन तांदूळ पाखडत बसलेल्या असत. त्यांच्यापुढे उभे राहून आज काय शिकलो ते सांगायचे, आणि त्यांना कळले तरच घरी जायचे. मामींना गाण्याचे अंग अजिबात नव्हते. पहाटेची भूपाळी आणि भाजीवालीची हाळी यांत त्यांना फरक वाटत नसे, असे त्या स्वतःच सांगत. "आज काय शिकलात, जावईबापू?" "आज मनगट सैल ठेवायला शिकलो." "म्हणजे किती सैल?" "म्हणजे... नुसतं सैल." "ताक घुसळताना ठेवतात तेवढं, की भाकरी थापताना?" मी विचारात पडायचो. मग परत सतारीपाशी जाऊन मनगट हलवून पाहायचे, परत यायचे आणि सांगायचे, "भाकरीचं." "मग तसं सांगा ना! कळलं मला. जा आता, जेवायची वेळ झाली." मामा आतून ओरडायचे, "तिला कळलं का?" "कळलं!" "मग आता त्यालाही कळलं असेल."

सहा महिने झाले तेव्हा कुठे माझी डाव्या हाताशी गाठ पडली. तो हात राहायचा खाडीपलीकडे खारेगावात. तिथल्या एका जुन्या आगरी घराण्याचा धनी, स्वतःचे मिठागर सांभाळणारा गृहस्थ, छाती रुंद, टाचा मिठाने फुटलेल्या, बोटे अशी जाड की ती सतारीच्या दांडीवरच्या पितळी पडद्यांवर बसतील यावर कोणाचा विश्वास बसू नये. मामांची त्याची ओळख मिठागरावरची. कारकून असताना दुपारच्या वेळी त्यांनी त्याला वाफ्याच्या बांधावरून चालताना पाहिले आणि "याचा पाय असा हलका पडतो, तर बोटही पडेल" असा निष्कर्ष काढला. तो होडीने यायचा, आणि होडी भरतीशिवाय निघत नसे. त्यामुळे आमच्या शिकवणीची वेळ घड्याळावर नव्हती, भरतीवर होती, आणि भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. अष्टमीच्या सुमाराला ती संध्याकाळी यायची, माझे काम भागायचे. पण पौर्णिमेला आणि अमावास्येला ती नेमकी भर दुपारी, कोर्टाच्या वेळात. त्या दिवशी माझ्या पोटात दुखू लागे. पाच-सहा महिन्यांत शिरस्तेदारांच्या लक्षात आले की याचे पोट पौर्णिमा-अमावास्येलाच दुखते. त्यांनी मला एकीकडे घेऊन हळू आवाजात विचारले की तुम्ही कोणाला दाखवलेत का, माझ्या माहितीत एक चांगला देवऋषी आहे.

आम्ही दोघे कसे वाजवायचो ते सांगितल्याशिवाय कळणार नाही. दोन पाट शेजारी मांडायचे. सतार दोघांच्या मांड्यांवर आडवी. सतारीचा भोपळा माझ्याकडे, दांडी खारेगावकराकडे. तो पडद्यांवर बोट ठेवणार, मी तार छेडणार, आणि दोन्ही एका क्षणी झाले तर सूर निघणार. सुरुवातीला आम्हा दोघांनाही ते भारी जाचले. मी आगऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसतो हे माझ्या आईने ऐकले तेव्हा तिने कपाळाला हात लावला आणि शिकवणीहून आल्यावर धोतर बदलल्याशिवाय पानावर बसायचे नाही असा नियम केला. मी कोर्टातून आल्यावर एकदा बदलत होतोच, आता दोनदा बदलू लागलो. खारेगावकराच्या घरीही काही निराळे नव्हते. त्याच्या बायकोने त्याला विचारले होते, "त्या कारकुनाला डावा हात नाय काय?" हे त्याने मला हसत हसत सांगितले. मला मात्र हसू आले नाही. मी तेव्हा तरुण होतो, आणि आपण मोठे कोणी आहोत असे मला वाटत असे. त्या दिवसांची मला आता लाज वाटते.

फजिती बाहेर व्हायची. सासऱ्यांकडे पाहुणे जमले, कोणीतरी म्हणाले, जावईबापू सतार शिकताहेत, होऊन जाऊ दे. मी म्हणायचो, "आज नाही जमायचं." "का?" "आज ओहोटी आहे." पाहुणे एकमेकांकडे पाहायचे. एकदा फारच आग्रह झाला म्हणून मी सतार घेऊन बसलो आणि नुसता उजवा हात वाजवून दाखवला. दिर दा दिर दा रा, दा दा रा. एकाच सुरावर, पाव तास. माझे सासरे नंतर मामांना जाऊन भेटले म्हणतात. काय बोलणे झाले कोण जाणे, मामा मला दुसऱ्या दिवशी एवढेच म्हणाले, "नुसत्या उजव्यावर पाव तास? शाबास."

अशी सहा वर्षे गेली. मामांची करंगळी मिटली, मग तिच्या शेजारचे बोट मिटले. त्यांना आता स्वतः वाजवून दाखवता येईना. ते तोंडाने बोल सांगत आणि चांगल्या हाताने पाटावर मात्रा धरत. अशात माझी बदली कल्याणच्या कोर्टात झाली. मी सांगायला गेलो तेव्हा त्यांनी आधी माझा उजवा हात धरून उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "येत्या रविवारी दोघे या. पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरी गत वाजवा. मला एकदा ऐकू दे." तोवर त्यांनी आम्हाला ती तुकड्यातुकड्याने शिकवली होती, एक तुकडा थांब्यापाशी संपायचा आणि दुसरा त्याच्यापुढून सुरू व्हायचा, सलग अशी आम्ही कधी वाजवली नव्हती. रविवार आला, भरतीही सोयीची मिळाली. आम्ही पाटांवर बसलो. सूर चढत गेले, मामांनी डोळे मिटले, आणि थांब्याची जागा आली. मी तार छेडून मोकळा झालो, त्याचे बोट अजून मागच्याच पडद्यावर. पुन्हा सुरुवात केली. या खेपेला मी थांबलो, तर तो पुढे सरकला. तिसऱ्यांदा दोघेही सरळ पुढे निघून गेलो.

"अहो, इथे तुम्ही थांबायचंत ना!" मी म्हणालो.

"मी? मना कोन बोलला? तार तुमी छेडताव. तुमी थांबलात तं आवाज थांबंल."

"पण बोट तुमचं आहे!"

"बोट माजा, पन थांबा तुमचा हाय. मना तं मामांनी शिकवलाच नाय."

"मलाही नाही शिकवला!"

आम्ही दोघांनी मामांकडे पाहिले. ते आधी हसू लागले, ठसका लागेपर्यंत हसले, आणि मग हसता हसता एकदम गप्प झाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. उजव्या हाताचे सगळे आघात त्यांनी मला दिले होते. डाव्याचे सगळे पडदे त्याला दिले होते. थांब्यात उजवाही काही करत नाही आणि डावाही काही करत नाही, म्हणून तो कोणाच्याच वाट्याला आला नव्हता. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, नेमके तेच वाटायचे राहून गेले. "सहा वर्षं," मामा पुटपुटले. खारेगावकर खाली मान घालून आपली बोटे पाहत राहिला. मामी उंबऱ्यातून म्हणाल्या, "चहा ठेवू का?" 

मामांनी मान वर केली आणि ते म्हणाले, "हात बदला." म्हणजे काय ते आम्हाला कळेना. "जावईबापू, तुमचा उजवा त्याला शिकवा. अरे, तुझा डावा यांना शिकव. मी काही सांगणार नाही. मी ऐकतो." आम्ही म्हणालो, आम्हाला कुठे शिकवता येते? ते म्हणाले, "मला तरी कुठे येतं?"

त्या वर्षात मी कल्याणहून दर सोयीच्या रविवारी ठाण्याला येत राहिलो. शिकवायला बसलो आणि माझी खरी पंचाईत झाली. आपला उजवा हात काय करतो हे मला मुळी ठाऊकच नव्हते. खारेगावकर विचारायचा, "रावसाहेब, अंगठा कुठं टेकवताव?" मला सांगता येईना. मग आधी स्वतः वाजवायचे, वाकून आपल्याच अंगठ्याकडे पाहायचे आणि मग सांगायचे. मामींपुढे सहा वर्षे दिलेली उत्तरे तिथे कामाला आली. भाकरीचे मनगट म्हटल्याबरोबर त्याचे मनगट सैल सुटले. आणि तो शिकवायचा तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. मी बोट दाबून दाबून तार कापून घेत होतो, तर म्हणाला, "दाबू नका, नुसता ठेवा. वाफ्यात नवा मीठ धरला का त्याच्यावरशी पाय कसा ठेवताव? मोडाचा नाय आणि घसराचा नाय." मी म्हणालो, मी कधी मिठावर चाललेलो नाही. त्याने मला होडीत घातले, पलीकडे नेले आणि धोतर गुडघ्यावर खोचायला लावून वाफ्यात चालवले. त्या दिवशी त्याच्या घरी मी जेवलो. संध्याकाळी आईने धोतराकडे पाहिले, मिठाने ते पांढरे खडखडीत झाले होते. मी बदलले नाही, आणि तिने तसेच माझे पान वाढले.

वर्षाच्या शेवटी मामांनी अंथरूण धरले. निरोप आला म्हणून मी रजा काढून गेलो. वार बुधवार. खारेगावकर आधीच येऊन बसला होता. मामांचा डावा हात आता पुरता मिटला होता. त्यांनी खुणेने सांगितले, एकेकट्याने वाजवा. आधी मी वाजवली, दोन्ही हात माझे, सगळी गत. मग त्याने वाजवली. मला माझी थोडी घाईची वाटली, त्याची थोडी जड. मी भीत भीत विचारले, "मामा, बरोबर कोणाची?" ते छताकडे पाहत होते. म्हणाले, "आज वार कोणता?" "बुधवार." "मग दोघांचीही उत्तम झाली," ते म्हणाले आणि मिस्किलपणे हसले. ही शाबासकी होती की काय होते, ते मला अजून ठरवता आलेले नाही. खारेगावकराचे म्हणणे शाबासकीच, पण त्याला बुधवारी कधी कडाडून बोलणी खावी लागली नव्हती. मग मामा म्हणाले, "आता पहिल्यासारखी. दोघं मिळून." आम्ही पाट मांडले. सूर चढत गेले, थांबा आला, आणि त्या चार मात्रांत घर असे काही गप्प झाले की मला माझाच श्वास ऐकू आला. सूर परत आला तेव्हा मामांनी चांगला हात अंथरुणावरून उचलला आणि छातीवर ठेवला.

पुढच्या पंधरवड्यात ते गेले. मला फार जड गेले. वडील गेले तेव्हा मी लहान होतो. माणूस जाणे म्हणजे काय ते मला त्या घरात पहिल्यांदा कळले. विचारायचे सगळे तसेच राहून गेले होते.

आता आम्हा दोघांनाही ती गत एकट्याने येते. एकमेकांकडे जायची गरज नाही. पण कल्याणला घरी एकटा वाजवायला बसलो की थांबा मला धरवत नाही. दोन मात्रा होतात न होतात तोच हात पुढे धावतो. खारेगावकराचे उलटे, तो थांबतो तो थांबूनच राहतो. दोघे मिळून बसलो की मी त्याची वाट पाहतो आणि तो माझी, आणि तेवढ्यात चार मात्रा बरोबर भरतात. मामांनी हे सगळे मुद्दाम असे घडवून आणले, की ते खरेच वाटायला विसरले आणि आम्ही आपले निभावून नेले? ती त्यांच्या चेहऱ्यावरची भीती मी डोळ्यांनी पाहिली आहे. पण त्यांचे ते बुधवारचे हसूही पाहिले आहे.

म्हणून सोयीची भरती असेल त्या रविवारी आम्ही अजून मामींकडे जमतो. सतार तिथेच ठेवली आहे. मामी पूर्वीसारख्याच उंबऱ्याशी सूप घेऊन बसतात आणि शेवटी विचारतात, आज काय शिकलात. गेल्या महिन्यात आम्ही वाजवत होतो. मामींचे सूप आपल्या नेहमीच्या लयीत चालले होते. थांबा आला, आणि सूपही थांबले. सूर परत आला, सूप पुन्हा चालू झाले. मला वाटले, योगायोग. आम्ही पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. चार मात्रा मोजून, आम्हा दोघांपेक्षाही नेमक्या.

मी सतार खाली ठेवून विचारले, "मामी, तुम्ही तिथे थांबलात का?"

"कुठे?"

"आत्ता, गतीच्या मध्ये."

"मला काय कळतंय त्यातलं?" मामी म्हणाल्या. "तिथे हात थांबतो."

"कधीपासून?"

त्यांनी थोडा विचार केला. "आमचं लग्न झालं तेव्हापासून. हे वाजवायचे, मी आपली कामात असायची."

मी खारेगावकराकडे पाहिले, त्याने माझ्याकडे पाहिले. मामांना हे ठाऊक होते का? ठाऊक असेल तर ते त्या दिवशी घाबरले कशाला? आणि ठाऊक नसेल, तर दर दिवशी आम्हाला त्यांनी मामींपुढे उभे का केले? मला काहीच उलगडेना, आणि का कोण जाणे, डोळे भरून आले. मामींनी सूप पुन्हा उचलले.

"बसलात काय असे?" त्या म्हणाल्या. "पाणी उतरायला लागेल, याला पलीकडे जायचंय. अजून एकदा वाजवा."